पायांना पाठ झालेलं गाव

सोमवार, ४ मे

ताई,

माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न फोडता परत पाठवशील, म्हणून पत्ता आमच्या ऑफिसातल्या क्लार्ककडून लिहून घेतलाय. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीनं अंगण उकरल्यासारखं, पण निदान त्याच्यावर तुझा राग नाही. फोन तू उचलत नाहीस. मग राहिलं हेच.

कारण तसं साधंच आहे. मी हे गाव सोडतेय.

माझं काम तुला नीट माहीत नसेल. आमच्या कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. जाड पांढऱ्या कागदांवर चिकटवलेली झाडं, पानं, मुळं, बेचाळीस हजार कागद. काही शंभर वर्षांपूर्वी कुणी डोंगर चढून तोडून आणलेली. त्यांना कीड लागू न देणं, ओल येऊ न देणं आणि कुणी मागितला तर बरोब्बर तोच कागद काढून देणं, हे माझं काम. अंगाला कायम डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. लग्न न जमायचं तेही एक कारण असेल, असं आमच्या मॅडम म्हणतात. मॅडम म्हणजे विभागप्रमुख. त्यांनीच मला इथं चिकटवलं, कागदावर झाड चिकटवतात तसं.

आता आमची इमारत पाडणार आहेत आणि संग्रह राजधानीतल्या मोठ्या संस्थेकडे चाललाय. 'राखणदारासह' असं त्यांच्या पत्रात लिहिलंय. म्हणजे सामानाबरोबर मीही. शेवटचा ट्रक तीस तारखेला निघेल.

ताई, मी इथं आले तेव्हा अठरा वर्षांची होते. सोळा वर्षं झाली. हे गाव मला इतकं पाठ आहे, की डोळे मिटून चालले तरी अडखळणार नाही. फाटकापासून विभागाच्या दारापर्यंत चारशे बारा पावलं. मधे सात पायऱ्या, त्यातली चौथी तुटकी. लायब्ररीच्या वळणावर कुंपणाची लोखंडी सळई कमरेइतक्या उंचीवर बाहेर आलीय, तिथं डावीकडून जायचं. हसू नकोस, मला मोजायची सवय लागलीय.

रोज एकेकाचा निरोप घेतेय. तळ्याकाठचा झेरॉक्सवाला, कँटीनची बाई, बाइंडरकाका. काका तुला आवडले असते. कॉलेजची पुस्तकं तीस वर्षं तेच बांधतात, आणि आता आमच्या झाडांसाठी पुठ्ठ्याची खोकी करताहेत. प्रत्येक खोकं झालं की त्याला चापट मारून म्हणतात, "जा, नांदा सौख्यभरे." घरमालकीणबाईंना मात्र खरंच वाईट वाटलंय. म्हणाल्या, "सहाच्या आत घरी येणारी अशी शिस्तीची भाडेकरू मला परत मिळायची नाही."

मोठ्या शहरात म्हणे रस्ते रोज नव्यानं खणतात. चौतीस वर्षांची घोडी झाले तरी मला त्याची धास्ती वाटते. रुजू व्हायच्या आधी वैद्यकीय तपासणी आहे. डोळेबिळे बघतात. त्याचं काही नाही, समोरचा तक्ता मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

मामीचा फोन आला होता. तुझी ठकी बारावी झाली आणि दाजींनी तिला स्कूटर घेऊन दिली म्हणाली. मी पाहिलं तेव्हा सहा वर्षांची होती, माझ्या चपला घालून घरभर फटक फटक फिरायची. तिला म्हणावं, संध्याकाळची चालवू नको. उगाच आपलं. हल्ली रहदारी फार असते.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. वाच मात्र.

तुझी,
शेपूट

(दुसरं कुणी मला या नावानं हाक मारत नाही. तू मारायचीस, मी सारखी तुझ्या मागे मागे असायचे म्हणून.)


रविवार, १० मे

ताई,

एक लहानशी गोष्ट झाली, ती सांगते. कुणाला तरी सांगायला हवी.

शुक्रवारी बांधाबांध करताना मला उशीर झाला. सहा वाजून गेले. तेवढ्यासाठी मी चालत न जाता सायकल काढली, लवकर पोचेन म्हणून. लायब्ररीपासून खाली उतार आहे. मी उतारावर होते आणि डाव्या गल्लीतून बाइंडरकाका खांद्यावर चार खोकी घेऊन रस्त्यावर आले. तेच आडवे आले. मी धडकले. खोकी उडाली, काका उजव्या हातावर पडले.

मनगट मोडलंय. दोन जागी.

लोक जमले. काका खाली बसून हात पोटाशी धरून म्हणत होते, "पोरीला काही बोलू नका. माझीच चूक. न बघता रस्त्यावर आलो." मग सगळे तेच म्हणायला लागले. म्हातारपणी असं होतंच, वय झालं, नजर राहत नाही. मला कुणीतरी पाणी दिलं. माझ्या गुडघ्याला खरचटलं होतं, त्यावर दोन बायका हळहळल्या.

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं?

काल दवाखान्यात गेले. काकू त्यांना चमच्यानं भात भरवत होत्या. मला म्हणाल्या, "घंटी तरी मारायची ग." एवढंच. आवाज चढवून नाही. काका म्हणाले, "तिनं मारली असेल, मलाच ऐकू आली नसेल." मी घंटी मारली नव्हती ताई. ज्याला घंटी मारायची तो मला...

जाऊ दे.

त्यांचा धंदा हातावरचा आहे. तीन महिने सुई धरता येणार नाही म्हणे. पुठ्ठा कापायला डावा हात चालतो का, ते पलंगावर पडल्या पडल्या बघत होते. वर्तमानपत्राला घड्या घालत होते, आणि घडी तिरकी आली की चिडत होते.

ठकीची स्कूटर कुठल्या रंगाची आहे? ती अंधार पडायच्या आत घरी येते ना? जिना उतरताना कठड्याला धरते का? दारातून आत आली की चपला, बादली, असं काही तिच्या पायांत येतं का?

का विचारते म्हणून विचारशील. काही नाही.

शेपूट


सोमवार, ११ मे, सकाळी

ताई,

कालचं पत्र टाकलेलं नाही. आता दोन्ही एकाच पाकिटात घालते. हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. दुकानात असशील तर शिवणाचं मशीन थांबव.

काका आडवे आले नाहीत. ते आले तसे रोज येतात, सावकाश, रस्ता बघून. मला ते दिसले नाहीत. मला बाजूचं दिसत नाही. दिवसा उजेडात समोरचं स्वच्छ दिसतं, मुंगीचे पाय मोजता येतील इतकं, पण कागदाची सुरळी डोळ्याला लावून बघावं तेवढंच. सुरळीबाहेर काही नाही. काळोखही नाही, नुसतं नाही. आणि ऊन उतरलं की सुरळीतलंही जातं. म्हणून मी सहाच्या आत घरी येते. म्हणून पावलं मोजते. आमच्या मॅडमना माहीत नाही, घरमालकीणबाईंना माहीत नाही. सोळा वर्षांच्या सवयीवर मी या गावात डोळस म्हणून वावरते. नव्या शहरात चार दिवसांत उघडी पडेन, किंवा गाडीखाली जाईन. त्या भीतीनं मला महिनाभर अन्न गोड लागत नाही, आणि मी तुला निरोपाच्या गमती लिहीत होते.

पण मुख्य गोष्ट ही नाही.

बाबांचे डोळे शिवणकामानं गेले, असं आपण म्हणत आलो. काळ्या कापडावर काळा दोरा घालून घालून गेले. तू अजून तसंच समजत असशील. तसं नव्हतं.

मी बावीस वर्षांची होते. संध्याकाळी तळ्याकाठी चालताना सरळ पाण्यात गेले, गुडघाभर. मैत्रिणी हसून हसून लोळल्या. दुसऱ्या दिवशी मी एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खोलीत अंधार केला, डोळ्यांत थेंब घातले, खूप वेळ बघितलं. मग विचारलं, "घरात कुणाला आहे?"

मी म्हटलं, "बाबांना दिसत नाही. पण ते टेलर आहेत, त्यांचं कामानं..."

"कामानं असं होत नाही," ते म्हणाले. "हे रक्तातून येतं. हळूहळू वाढतं. औषध नाही. भावंडं आहेत?"

"एक बहीण."

"तिला तपासायला सांगा. तिला मुलंबाळं?"

"एक मुलगी."

"मुलीलाही. बहिणीला काही नसलं तरी मुलीला असू शकतं. काही घरांत हे एक पिढी वगळून येतं." त्यांनी ते एका कागदावर लिहूनसुद्धा दिलं. तुझ्यासाठी.

तो कागद मी तुला दिला नाही.

बारा वर्षं, ताई.

त्या डॉक्टरांकडून आल्यावर आठवड्यानं मी घरी आले होते, दोन दिवसांसाठी. आठवतं? तू म्हणालीस, आलीस कशी आणि चाललीस कशी. बाबा दुकानात कुणाचा तरी सदरा बोटांनी चाचपत होते. तू सुया ओवून ओळीनं उशीत टोचून ठेवल्या होत्यास, त्यांना हाताला लागतील अशा. एक सुई खाली पडली. ते जमिनीवर बसून शोधायला लागले, आणि सुई त्यांच्यासमोर, अगदी समोर पडलेली. मला दिसत होती. मी त्यांना सांगितलं नाही. मी दारात उभी राहून बघत होते, कारण मला वाटलं, ही मीच आहे. मग मी पिशवी भरली.

पुढच्या वर्षी तू कळवलंस, बाबांचं काही खरं नाही, ये. मी परीक्षा आहे म्हणून कळवलं. परीक्षा नव्हती. मी खोलीत दार लावून बसले होते. बाबा गेले आणि तू म्हणालीस, तुझं माझं संपलं. बरोबरच म्हणालीस. पण मी आले नाही ते मी दगडाच्या काळजाची म्हणून नाही. मी भित्री म्हणून. कुठलं जास्त वाईट, ते तू ठरव.

आणि तुला का सांगितलं नाही? मला वाटायचं, सांगितलं की खरं होईल. सांगितलं की तू मला घरी बोलावशील आणि माझ्यासाठीही सुया ओवून ठेवशील. पुढं वाटलं, आता फार उशीर झाला, इतकी वर्षं का नाही सांगितलंस म्हणून विचारेल. मग ते आणखी एक वर्ष, आणखी एक.

शुक्रवारी काकांचा हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकी काटकी मोडावी तसा. आणि मला त्या उतारावर ठकी दिसली, स्कूटरवर, संध्याकाळची.

तिला घेऊन जा ताई. आजच जा. स्कूटरची किल्ली काढून घे, ओरडली तरी घे. डॉक्टरांना सांग, आजोबांना होतं आणि मावशीला आहे, डोळ्याच्या आतला पडदा बघा, बाजूची नजर बघा. नुसत्या तक्त्यावर समाधान मानू नकोस. तक्ता तर मीही वाचते.

मला नंतर काय म्हणायचं ते म्हण.

शेपूट


मंगळवार, १९ मे

ताई,

आठ दिवस झाले. पत्र पोचलं असेल. की क्लार्कचं अक्षर पोस्टमनला लागलं नसेल? मामीला फोन करून विचारावं असं दहादा वाटलं. पण मामीला सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं, म्हणून नाही केला.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं झालंय. फोन वाजला की वाटतं, ठकीचं काहीतरी. नाही वाजला की वाटतं, तुम्ही सगळे दवाखान्यात आहात म्हणून वाजत नाही.

मी दोघांना सांगितलं.

आधी काकांकडे गेले. ते घरी आलेत, हात गळ्यात. समोर बसून म्हटलं, "काका, तुमची चूक नव्हती. मला बाजूचं दिसत नाही. मला ते माहीत असून मी सायकल काढली आणि तुम्ही दोष घेतलात तेव्हा गप्प बसले."

मला वाटलं होतं ते म्हणतील, असू दे. मोठ्या मनाचे आहेत. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

मग काका म्हणाले, "आठवडाभर मी रस्ता ओलांडायला घाबरतोय."

त्यांनी गळ्यातला हात सावरला.

"मला वाटलं, माझंच डोकं गेलं. सरळ समोरून येणारी सायकल दिसली नाही म्हणजे काय? ही मला हाताला धरून दुधाला नेते. शेजारचा म्हणाला, काका आता घरीच बसत जा. मी बसलो. दुकानाची किल्ली पुतण्याला देणार होतो उद्या." मग माझ्याकडे वळले. "तुला एक शब्द बोलायचा होता ग. एकच."

काकू म्हणाल्या, "सायकल देऊन टाक कुणाला तरी. आज."

"आजच देते," म्हटलं. दिली. माळ्याच्या बायकोला.

निघताना काका पायरीपर्यंत आले. "किल्ली देत नाही आता," एवढंच म्हणाले. माफ केलं असं नाही म्हणाले. मीही विचारलं नाही.

ताई, मला वाटायचं मी माझी गोष्ट झाकून ठेवलीय, तर ती माझीच. त्या माणसाला मी आठवडाभर म्हातारं करून ठेवलं होतं.

मग मॅडम. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि टेबलावरची पेन्सिल उचलून माझ्या कानाच्या रेषेत धरली. "दिसते?" नाही. थोडी पुढे. "आता?" नाही. पेन्सिल जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा मी हो म्हटलं. त्यांनी ती खाली ठेवली.

"शिडीवर चढतेस रोज," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत."

"हो."

"पडली असतीस तर?"

"मोजून चढते."

"मोजून!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला. मग चष्मा काढून पुसत बसल्या. म्हणाल्या, "कामात तू चुकली नाहीस, ते मी लिहीन. पण नजर ठीक आहे असं मी लिहिणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही."

त्यांनी संस्थेला खरं कळवलं. उत्तर दोन दिवसांत आलं. तिथं तळघर आहे, लोखंडी जिने आहेत, जबाबदारी घेता येणार नाही. कळावे.

म्हणजे झाडं जाणार, मी नाही. खोली मात्र सोडायचीच आहे. घरमालकीणबाईंनी माझ्या जागी दुसरी भाडेकरू ठरवलीसुद्धा. सहा जूननंतर मी कुठे असेन, मला माहीत नाही. तुला घाबरवायला लिहीत नाही. ठकीचं तेवढं कळव. एका ओळीनं कळव.

शेपूट


बुधवार, २७ मे

ताई,

तुझं पत्र आलं. खिडकीशी नेऊन वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना घरमालकीणबाई म्हणाल्या, कुणी गेलं का?

तुझं वाक्य इथं उतरवून काढते, म्हणजे मला ते नीट बघावं लागेल. 'ठकीच्या डोळ्यांत सुरुवात झालीय. माझे चांगले आहेत. मला न शिवता माझ्यातून गेलं. ती लहानपणापासून भांडी पाडायची, उंबऱ्याला ठेचकाळायची, संध्याकाळी अंगणात रडत उभी राहायची, आणि मी तिला वेंधळी म्हणत आले. गेल्या वर्षी भरलेला डबा लाथाडला म्हणून मी तिला मारलं. सतरा वर्षांच्या पोरीला. तू सांगितलं असतंस तर मी मारलं नसतं.'

तू शिव्या लिहिल्या असत्यास तर त्या मी गिळल्या असत्या. हे गिळता येत नाही. त्या चापटीतली निम्मी माझी आहे, हेही म्हणायला जीभ रेटत नाही, कारण लागली तिला.

शेवटी तू लिहिलंयस, 'ठकी विचारते, मावशीला किती दिसतं? मी काय सांगू?'

हे सांग.

दुपारच्या उजेडात मला पुस्तक वाचता येतं. माणसाचा चेहरा दिसतो, पण एका वेळी सगळा माणूस नाही. चहाचा कप दिसतो, कपाशेजारची बशी शोधावी लागते. कुणी हात पुढे केला तर दिसत नाही, लोकांना वाटतं मला गर्व झालाय. चांदण्या मी शेवटच्या कधी पाहिल्या ते आठवत नाही. रंग दिसतात. दाराच्या चौकटीला डोकं आपटतं, तिथं कपाळावर टेंगूळ कायमचं आहे, ते केसांनी झाकते. गर्दीत मी भिंत धरून चालते. तिच्या वयाची असताना मला यातलं अर्धंही नव्हतं, हे तिला नक्की सांग. तिच्याकडे बराच वेळ आहे. आणि जे मी केलं नाही, ते तिनं करावं. पांढरी काठी हातात धरायला शिकावं. गरज पडायच्या आधी शिकावं.

खोटा धीर देऊ नकोस. मला भीती वाटते, ताई. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी क्षणभर थांबते, सुरळी कालच्याएवढीच आहे ना म्हणून. ती पोर आता तशीच थांबत असेल.

तू मला ये म्हणाली नाहीस. म्हणावंस असंही नाही. पत्र आलं, तेवढ्यानंही मला तहान भागल्यासारखं झालंय.

शेपूट


बुधवार, ३ जून

ताई,

सोमवारी अनोळखी नंबरावरून फोन आला. उचलला तर पलीकडे नुसता श्वास. मग,

"मावशी, मी ठकी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तीच म्हणाली, "तू खरंच तळ्यात गेली होतीस?"

"गुडघाभर."

"मी गटारात गेले होते. कमरेपर्यंत," ती म्हणाली. आणि आम्ही दोघी हसलो, ताई. बारा वर्षांत मी त्या गोष्टीला पहिल्यांदा हसले. मग ती एकदम रडायला लागली. म्हणाली, "आई सारखी सामान सरकवते. मला लागू नये म्हणून. रोज सरकवते, मग मला कळतच नाही काय कुठे आहे. तिला सांग ना."

मागून तुझा आवाज आला, "कुणाशी बोलतेयस?"

"मावशीशी."

मला मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. मग तू म्हणालीस, तिला नव्हे, मलाच ऐकू येईल असं, "तिला म्हणावं, यायचं तर ये. पण इथं येऊन रडत बसायचं नाही. पोरीला काय शिकवायचं ते शिकव."

मी येतेय.

शनिवारी ट्रक गेला. तीस तारखेलाच, ठरल्याप्रमाणे. मॅडम आणि मी फाटकात उभ्या होतो. बेचाळीस हजार झाडं, आणि मागे नुसती रिकामी कपाटं आणि डांबराचा वास. मॅडमनी संस्थेत पुन्हा विचारायचं ठरवलंय, बसून करायचं काही काम आहे का म्हणून. होईल, न होईल.

काल मी दिवसभर गावात फिरले. दरवेळी चालताना मी पायांवर लक्ष ठेवते, म्हणून इतकी वर्षं मी हे गाव वर मान करून पाहिलंच नव्हतं. काल थांबत थांबत पाहिलं. लायब्ररीचं छप्पर. घड्याळाचा मनोरा, त्याचा मिनिटकाटा गंजून लाल झालाय, मला माहीतच नव्हतं. वसतिगृहाची माझी पहिली खिडकी, तिथं कुणाची तरी पिवळी ओढणी वाळत होती. सुरळी एकेका गोष्टीवर नेऊन ठेवायची, बघायची, मग पुढे. कँटीनच्या बाईनं चहा दिला आणि कप माझ्या हाताशी सरकवला. मॅडमनी सांगितलं असणार. मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही.

काकांच्या दुकानावरून गेले. ते डाव्या हातानं डिंक लावत बसले होते. मला पाहून म्हणाले, "बस." मी तासभर बसले आणि कागद धरून ठेवला. बोललो फारसं नाही. निघताना त्यांनी गल्लीच्या तोंडापर्यंत माझा कोपर धरला आणि उताराकडे बघून म्हणाले, "आता डावीकडून कुणी येत नाही. जा." मी गेले.

इथं मला कोणत्या पायरीला तडा गेलाय ते ठाऊक आहे. तुझ्या घरात मी फक्त पाहुणी म्हणून आलेय, तीही बारा वर्षांपूर्वी. उंबरा किती उंच, मोरी कुठे, दुकानाचं दार आत उघडतं की बाहेर, मला काही आठवत नाही. माझी पाचावर धारण बसलीय. तुझ्या नजरेची जास्त, उंबऱ्याची कमी. सामान सरकवू नकोस. आहे तिथं राहू दे, मी पहिल्या दिवशी आपटेन, दुसऱ्या दिवशी शिकेन, आणि ठकी बघेल ते.

बस येत्या शनिवारी इथून सकाळी निघते आणि तुमच्या स्टँडवर संध्याकाळी पावणेसातला लागते. त्या वेळी मला काही दिसत नसतं. आजवर मी कुणाला घ्यायला ये म्हणून सांगितलेलं नाही. तू ये.

मी पुढच्या दारानं उतरून तिथंच उभी राहीन. तू समोर असलीस आणि मी तुझ्याकडे बघितलं नाही, तर तो राग समजू नकोस. हाक मार.

शेपूट